तिसरी-चौथी एकत्र, अर्धा वर्ग गप्प. काय करू?

पारोळ्याची बाई:
नमस्कार. आमची द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळा. पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. प्रश्न विचारला की ठरलेली तीन-चार मुलं हात वर करतात, बाकीची खाली बघतात. मधल्या सुट्टीत हीच मुलं अहिराणीत असा गलका करतात की कान किटतात! कापूस वेचणी सुरू झाली की हजेरी गळते, आणि परत आलेलं मूल आणखी मागे जाऊन बसतं. मी नाशिककडची, अहिराणी समजते, बोलता येत नाही. प्रशिक्षणात ‘मुलांना बोलतं करा’ सांगतात, पण सोमवारी अकराच्या तासाला नेमकं काय करायचं? प्रोजेक्टर सुचवू नका, दुपारी वीज नसते.

जिभाऊ, शिंदखेडा (निवृत्त):
ताई, अशाच शाळांत नोकरी गेली, म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं म्हणजे हात वर करणं बंद. प्रश्न विचारा, मनात पाचपर्यंत मोजा, मग म्हणा, ‘आता शेजारच्याला सांग.’ जोडीत अहिराणीच चालू द्या. नंतर कोणत्याही जोडीला उठवा, आणि शेजारी काय म्हणाला ते सांगायला लावा. दुसऱ्याचं सांगायचं असलं की पोरं लाजत नाहीत. ‘मन्ही माय वावरमा गयी’ असं आलं तर तसंच फळ्यावर लिहा, त्याखाली ‘माझी आई शेतात गेली’. चूक म्हणून खोडायचं नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातसुद्धा शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा असंच आहे, तेव्हा वर्ग बघायला कोणी आलं तरी दबू नका.

थांबण्याला हसू नका. मेरी बड रो नावाच्या अमेरिकन बाईंनी विज्ञानाचे तास टेप करून ऐकले. १९७४ मध्ये त्यांनी यावर लिहिलंय. प्रश्न टाकल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबत होते. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरं लांबली आणि मागे पडलेली मुलंही बोलायला लागली. करून बघा, ती तीन सेकंद फार जड जातात.

दुसरं, पाटी. मोडीत काढली असेल तर परत आणा. उत्तर सगळ्यांनी लिहायचं, पाटी छातीशी पालथी धरायची, ‘दाखवा’ म्हटलं की एकदम वर. कोण कुठं अडलंय ते एका नजरेत दिसतं आणि एकट्या मुलाची फजिती होत नाही.

आता दोन इयत्तांचं. चौथीला सांगा, वेचणीवर गणित तयार करा. आईनं ४३ किलो कापूस वेचला, मजुरी किलोला १० रुपये धरली, तर किती झाले? तिसरीनं सोडवायचं, चौथीनं तपासायचं. वेचणीवरून परत आलेल्या पोराला त्या दिवशी गणित सांगणारा करा. तराजू, पोतं, भाव, सगळं त्याला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असतं, मग ते मागे कशाला बसेल? चौथी गणितं रचत असताना तुम्हाला तिसरीसाठी वीसेक मिनिटं मोकळी मिळतात, हा खरा फायदा.

धडगाव, आश्रमशाळा:
जिभाऊंचं पटलं, पण आमच्याकडे घरची भाषा पावरी, मला ओ की ठो कळत नाही. तिथं मुलांनाच शिक्षक केलं. रोज पाच शब्द ती फळ्यावर लिहून देतात, मी उच्चार चुकवते, वर्ग हसतो, मग त्यांचीही मराठी बोलायची भीड मोडते. बाई, अहिराणी मोडकीतोडकी का होईना, बोला.

पारोळ्याची बाई:
खूप आभार, जिभाऊ. पाट्या माळ्यावर आहेत, उद्याच काढते. पण माझं जमतंय की नाही हे कोण सांगणार? केंद्राच्या, म्हणजे आजूबाजूच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत परिपत्रकं आणि ऑनलाइन माहिती यातच वेळ जातो.

जिभाऊ, शिंदखेडा (निवृत्त):
दुसऱ्या सरांनाच सांगा. त्यांच्या मुलांना चित्र काढायला बसवून त्यांनी दहा मिनिटं तुमच्या दारात उभं राहायचं. हातात बैठकीचा कच्चा नकाशा, जो बोलला त्याच्या जागेवर टिंब. बस, शेरा नको, गुण नकोत, कोणाला दाखवायचंही नाही. पुढच्या आठवड्यात तुम्ही त्यांच्या दारात. बहुतेक टिंबं पुढच्या दोन ओळींत आणि तुमच्या टेबलाजवळ पडतील. मग जोड्या बदला आणि तुम्ही मागच्या भिंतीशी उभ्या राहून शिकवा. परिषदेत बोलायची पाळी आली तर हे दोन कागद पुढे ठेवा, परिपत्रकानंतर पाच मिनिटं मागून घ्या. मिळतात. केंद्रप्रमुखही कधीतरी वर्गावरच होते ना!

आणि पाट्या काढाल तर पेन्सिली आधी विकत घ्या. दुकानात आता सहज मिळत नाहीत, पारोळ्याच्या बाजारात जुन्या स्टेशनरीवाल्याकडे विचारा.