कोकणचा सागरी मार्ग आणि सह्याद्रीचे घाट : सायकलस्वारांचे अनुभव

महाराष्ट्राला जुन्या मोजणीनुसार सुमारे ७२० किलोमीटरांचा किनारा लाभला आहे आणि रेवसपासून रेडीपर्यंत जाणारा सागरी मार्ग त्याच्या बऱ्याचशा भागाला धरून दक्षिणेकडे उतरतो. सह्याद्रीच्या धारेवरून वरंधा, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, करूळ, आंबोली असे घाट याच किनारपट्टीच्या दिशेने खाली येतात. या रस्त्यांवर सायकल चालवलेल्यांनी आपले अनुभव येथे लिहावेत, अशी विनंती आहे. समुद्राचे वर्णन थोडे कमी असले तरी चालेल, मात्र चढ कोठे लागतो, खाडी ओलांडणारी तर (प्रवासी बोट) केव्हा मिळते, कोणते गिअर पुरतात आणि कोणत्या ऋतूत तो रस्ता टाळावा, हे सविस्तर यावे.

मुंबईहून लिहिणारे एक सायकलस्वार

भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो (वाहनेही नेणाऱ्या बोटीची) सेवा मार्च २०२० मध्ये सुरू झाली आणि मुंबईकर सायकलस्वाराच्या मागची शहराबाहेर पडण्याची मोठी कटकट मिटली. पनवेल-पेणच्या अवजड वाहतुकीत न शिरता थेट अलिबाग तालुक्यात उतरता येते. पुढे रेवदंडा, साळावचा पूल, काशीद, मुरूड आणि आगरदांडा असा रस्ता आहे. आगरदांड्याहून तरीने राजपुरीची खाडी ओलांडली की आपण दिघीला पोहोचतो.

दिवेआगर ते श्रीवर्धन हा टप्पा मात्र घाईने उरकू नये. आरावी आणि शेखाडीवरून जाणारा हा रस्ता काही ठिकाणी पाण्याच्या इतका जवळून जातो, की उजव्या हाताला खडक आणि लाटा यांवाचून काही उरत नाही. असे प्रत्यक्ष किनाऱ्यालगतचे रस्ते कोकणात फार थोडे आहेत. नाव सागरी मार्ग असले तरी त्याचा मोठा भाग समुद्रापासून वर, सड्यावरून (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावरून) किंवा झाडीतून जातो. ज्यांनी केवळ छायाचित्रे पाहून बेत आखला आहे, त्यांनी हे आधीच लक्षात घ्यावे.

पुण्याहून लिहिणाऱ्या एक सायकलस्वार, वय पन्नाशीच्या पुढे

माझ्या मते कोकणातल्या सायकल प्रवासाची खरी परीक्षा घाटात होत नाही, खाड्यांमध्ये होते. घाट एकदाच चढायचा असतो आणि त्याची मनाची तयारी झालेली असते. किनाऱ्यावर मात्र सह्याद्रीतून पश्चिमेकडे धावणाऱ्या सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री, मुचकुंदी अशा नद्यांनी जांभ्याचा सडा जागोजागी कापून काढला आहे. त्यामुळे रस्ता सड्यावरून खाडीच्या पातळीपर्यंत कोसळतो आणि पलीकडे पुन्हा तेवढाच वर चढतो. एक उतार संपला म्हणून हायसे वाटावे, तर तो पुढच्या चढाची सूचना असतो.

दापोलीकडून दाभोळला उतरणे आणि तरीने वाशिष्ठीची खाडी ओलांडल्यावर धोपाव्याहून गुहागरच्या दिशेने चढणे, हे याचे उत्तम उदाहरण आहे. तरीत बसून पाय गार झालेले असतात आणि धक्क्यापासून थोड्याच अंतरावर चढ सुरू होतो. गुहागरनंतर पालशेत, वेळणेश्वर, हेदवी या प्रत्येक गावाआधी उतार आणि नंतर चढ आहे. शेवटी तवसाळला पुन्हा तर लागते आणि पलीकडे जयगडचा चढ आहेच. दिवसाचे अंतर ठरवताना केवळ किलोमीटर पाहू नयेत. एकूण चढाई किती मीटर होते, ते आधी काढावे, कारण कोणत्याही एकाच ठिकाणी फार उंच न जाताही दिवसाची बेरीज एखाद्या मोठ्या घाटाच्या पुढे जाते.

गिअरविषयी विचारले आहे म्हणून सांगते. पुढे ३४ दात्यांचे लहान चक्र आणि मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच) असावी. या जोडीत पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.१ मीटर पुढे जाते, म्हणजे मिनिटाला साठ फेऱ्यांनी ताशी साडेसात किलोमीटरांचा वेग राखता येतो. मागे २८ दातेच असतील तर त्याच फेऱ्यांना ताशी नऊ किलोमीटरांहून अधिक वेग ठेवावा लागतो आणि दहा टक्क्यांच्या चढावर (शंभर मीटरांत दहा मीटर वर) हा फरक गुडघ्यांना लगेच कळतो. दुकानात सायकल घेताना "एवढ्या हलक्या गिअरची गरज काय?" असे हसून विचारणारे पुष्कळ भेटतात. त्यांना एकदा धोपाव्याला घेऊन जावे.

रत्नागिरीतील एक रहिवासी

वरील मताशी मी सहमत आहे, फक्त त्यात वाऱ्याची भर घालतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात आमच्याकडे सकाळी जमिनीवरून हलका मतलई वारा असतो आणि दुपारकडे समुद्रावरून खारा वारा सुटतो, तो बहुधा वायव्येकडून येतो. त्यामुळे उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला दुपारी मदत होते. उलट दिशेने येणारा मात्र उघड्या सड्यावर वाऱ्याशी झगडत बसतो. मुंबई-पुण्याकडून येणाऱ्यांनी म्हणूनच दक्षिणेकडे जावे आणि परतीसाठी गाडीचा विचार करावा.

सड्यावर सावली नसते. जांभ्याचा कातळ तापला की सकाळी दहानंतर खालूनही उष्णता जाणवते आणि दमट हवेत घाम वाळत नसल्यामुळे शरीर थंड होत नाही. नुसते पाणी पिऊन भागत नाही, त्यात मीठ-साखर हवी. वाडीतल्या कोणत्याही घरी पाणी मागितले तर नाही म्हणत नाहीत, पण दोन वाड्यांच्या मधला सडा लांबलचक असतो, तेव्हा बाटल्या खाली गावातच भरून घ्याव्यात.

गणपतीपुळे ते रत्नागिरी हा प्रवास आरे-वारे मार्गाने करावा, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्याच्या पुढचा पावस, पूर्णगड, गावखडी, कशेळी, आडिवरे, जैतापूर हा पट्टा मात्र उगाच दुर्लक्षिला जातो. पूर्णगडाशी मुचकुंदीवर पूल आहे, तरीची वाट पाहावी लागत नाही आणि वर्दळ फारच कमी असते. मला विचाराल तर रोडबाइकसाठी (डांबरी रस्त्यावर वेगाने चालणाऱ्या, अरुंद टायरांच्या सायकलसाठी) जिल्ह्यातला सर्वांत चांगला रस्ता हाच.

मुंबईहूनच आणखी एक

तरीबद्दल एक सूचना. ओहोटीच्या वेळी धक्क्याच्या उताराचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो. सायकलच्या बुटांच्या तळाशी असलेल्या, पेडलला अडकणाऱ्या क्लीटमुळे तेथे पाय हमखास सरकतो, म्हणून साध्या चपला हाताशी ठेवाव्यात. दिवसाची शेवटची तर किती वाजता सुटते याची आदल्या गावात चौकशी करावी, कारण ती चुकली तर दाभोळहून चिपळूणमार्गे फार मोठा वळसा पडतो.

कोल्हापूरहून लिहिणारे एक सायकलस्वार

आम्हा घाटमाथ्यावरच्यांचा प्रवास उतरण्यापासून सुरू होतो, त्यामुळे मी उताराविषयीच लिहितो. गगनबावड्याहून करूळ आणि भुईबावडा असे दोन घाट फुटतात आणि दोन्ही तळकोकणात उतरतात. दक्षिणेला आंबोलीची उंची सुमारे ६९० मीटर आहे आणि तेथून सावंतवाडीकडे उतरताना जवळपास सगळी उंची थोड्या अंतरात सोडावी लागते.

सायकलसह ८५ किलो वजन धरले आणि सहाशे मीटर खाली उतरलो, तर सुमारे पाच लाख ज्यूल ऊर्जा कोठेतरी जिरावी लागते. काही हवेच्या विरोधात जाते, उरलेली ब्रेकमध्ये उष्णता होऊन बसते. रिम ब्रेक (चाकाच्या धातूच्या कड्यावर घासणारा ब्रेक) सतत दाबून ठेवला तर रिम इतकी तापते की ट्यूब फुटू शकते. म्हणून वळणापूर्वी दोन्ही ब्रेक ठामपणे लावून वेग उतरवावा, वळण मोकळ्या ब्रेकने घ्यावे आणि मधल्या सरळ रस्त्यावर रिम थंड होऊ द्यावी. डिस्क ब्रेक असले तरी पद्धत हीच ठेवावी.

पावसाळ्यातील घाटांचे आकर्षण मी समजू शकतो, पण आंबोली हे राज्यातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक आहे. धुक्यात समोरून येणाऱ्या एस.टी.च्या चालकाला सायकल दिसेल, हे गृहीत धरू नये. दरडी कोसळून घाट बंद होण्याचे प्रकारही नवे नाहीत, वरंधा घाट तर पावसाळ्यात अनेकदा वाहतुकीसाठी बंद ठेवला जातो. पाऊस सरल्यानंतर रस्त्यांची डागडुजी झाली की यावे.

साताऱ्याहून लिहिणारे एक सायकलस्वार

चढायचाच असेल तर पोलादपूरहून आंबेनळी घाट चढावा. महाबळेश्वरपर्यंत सुमारे ४० किलोमीटरांत साधारण तेराशे मीटर उंची गाठायची असते, म्हणजे सरासरी चढ तीन टक्क्यांच्या आसपासच आहे. अंगावर येणारा चढ क्वचित लागतो. कठीण आहे ती लांबी. प्रतापगडाच्या फाट्याशी, वाडा कुंभरोशीला पोहोचल्यावर घाट संपला असे वाटते आणि तेथेच अनेक जण उरलेसुरले बळ खर्च करतात. प्रत्यक्षात चढाईचा मोठा भाग अजून शिल्लक असतो. त्यामुळे तेथे थांबून काही खावे आणि पुढेही बोलता येईल इतक्याच वेगाने चालवावे. कुंभार्ली घाट चढायला चांगला आहे, पण चिपळूण-कऱ्हाड मार्गावरच्या मालवाहू ट्रकांचा धूर सोसण्याची तयारी हवी, निदान पहाटे तरी निघावे.

पुण्याहून लिहिणाऱ्या त्याच सायकलस्वार

एक गोष्ट राहिली होती. खाऱ्या हवेत साखळी एका रात्रीतही तांबूस होते. मुक्कामाला पोहोचल्यावर गोड्या पाण्याने सायकल हलकेच धुवावी, साखळी कोरडी करावी आणि तेल घालून जास्तीचे पुसून टाकावे. टायर २८ मिलिमीटरांपेक्षा अरुंद नसावेत, कारण गावांतले जांभ्याच्या गडग्यांमधले (बुटक्या दगडी कुंपणांमधले) रस्ते अरुंद आणि उखडलेले असतात, त्यावर बारीक खडीही पसरलेली असते. अशा वळणांवर समोरून दुचाकी येते तेव्हा बाजूला व्हायला हातभरही जागा नसते, म्हणून घंटी हवीच. महागड्या सायकलींवर ती लावायला लोक का लाजतात, हे मला अजून उमगलेले नाही.