फ्लॅटचे भाव पगार चढवतो की बँक?

हिंजवडीकर: पुण्यात बाणेर-बालेवाडीत भाव वाढले की सगळे आयटीच्या पगारांकडे बोट दाखवतात. मला यात बँकेचा हात मोठा वाटतो. साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांसाठी 72 लाखांचं कर्ज घेतलं तर हप्ता साडेबासष्ट हजारांच्या आसपास बसतो. मुदत 30 वर्षं केली की त्याच हप्त्यात 81 लाख मिळतात. पगार एक रुपयाने वाढला नाही, पण नऊ लाख जास्त मोजायची ऐपत आली. शेजारच्या टेबलावरच्यालाही आली, मग बिल्डर भाव कशाला धरून ठेवेल? अमेरिकेत आतिफ मियाँ आणि अमीर सूफी या अर्थतज्ज्ञांनी झिप कोडनिहाय (आपल्या पिनकोडसारखे) आकडे काढले, तर 2002 ते 2005 मध्ये जिथे उत्पन्न मागे पडत होतं तिथेच गृहकर्ज वेगाने वाढलेलं निघालं.

सदाशिव पेठी: अहो, अमेरिका इथे कशाला? तिकडे काही राज्यांत बँकेला किल्ली दिली की कर्जदार मोकळा. आपल्याकडे लिलाव होऊनही बाकी राहिली तर बँक ती मागतेच. शिवाय रिझर्व्ह बँकेची मर्यादा आहे: 30 लाखांपर्यंतच्या कर्जाला किमतीच्या 90%, 75 लाखांपर्यंत 80%, त्यापुढे 75%. म्हणजे 90 लाखांच्या फ्लॅटला पदरचे 18 लाख, वर 7% मुद्रांक शुल्क, तेही खिशातून. चोवीस लाख घातलेला माणूस हप्ता बुडवेल होय?

हिंजवडीकर: ते चोवीस लाख पदरचेच असतात हे कोणी सांगितलं? आमच्याकडे निम्मी पोरं त्यासाठी पर्सनल लोन काढतात. रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर 2023 मध्ये विनातारण ग्राहक कर्जाचा जोखीम भार (तो वाढला की त्या कर्जामागे बँकेला स्वतःचं भांडवल जास्त ठेवावं लागतं) 100 वरून 125 टक्के केला, तो उगाच नाही. गृहकर्ज मात्र त्यातून वगळलं.

कर्वेनगर: 2014 ते 2019 पुण्यात भाव फारसे हलले नव्हते. तेव्हा बँका बंद होत्या का?

मूल्यांकनवाली: बँकांसाठी व्हॅल्युएशन करते म्हणून लिहिते. फ्लॅटमध्ये पंधरा मिनिटं: मोजमाप, फोटो, ओल आहे का ते. खरं काम नंतरचं, आसपासचे नुकते नोंदलेले करारनामे बघायचे. तेही बहुतेक कर्जावरचेच. म्हणजे तारणाची किंमत कर्जावरून ठरते आणि पुढचं कर्ज त्या किमतीवर.

सदाशिव पेठी: तरी बुडीत कुठे आहे? मार्च 2018 ला बँकांची थकीत कर्जं एकूण कर्जांच्या 11 टक्क्यांच्या वर गेली, ती पोलाद, वीज, रस्ते यांची. घरवाले हप्ते भरतच होते.

हिंजवडीकर: तिथे हात पोळले म्हणूनच बँका घरांकडे वळल्या ना! ताई, भाड्यावरून किंमत काढली तर किती निघेल?

मूल्यांकनवाली: 90 लाखांच्या टू बीएचकेला 28 हजार भाडं धरा. वर्षाचं भाडं साडेआठ टक्क्यांनी भागलं, म्हणजे भाड्यातून कर्जाच्या व्याजाइतकं सुटेल अशी किंमत काढली, तर चाळीस लाखही होत नाहीत. बँकेने मला हे कधी विचारलेलं नाही.

सदाशिव पेठी: भाडं दरवर्षी वाढतं, ते धरलंच नाहीत. पाच टक्के वाढ त्या साडेआठातून वजा करून पुन्हा मांडा, नव्वदच्या पुढे जाल.