पुरात अडकलेली गरोदर बाई: बाळाच्या पुढच्या वाढीसाठी काय नोंदवून ठेवायचं?

प्रश्न (दिवा पूर्व)
दिवा, कळवा, मुंब्र्याच्या सखल चाळींत पाणी शिरलं की आम्ही गरोदर बायकांची यादी करतो. यंदा बाळाच्या वाढीचे रकानेही घालायचे आहेत. 'खूप टेन्शन आलं होतं का' एवढं विचारून भागेल?

उत्तर १
नाही भागणार. टेन्शन आणि प्रत्यक्ष झालेले हाल, दोन रकाने वेगळे ठेवा. जानेवारी १९९८ मध्ये कॅनडातल्या क्युबेकमध्ये बर्फाचं वादळ झालं, काही घरांत महिन्याहून जास्त वीज नव्हती. त्या वेळी गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांचा सुझान किंग यांच्या गटाने वर्षानुवर्षं मागोवा घेतला. ज्यांच्या आयांचे हाल जास्त, ती मुलं दोन आणि साडेपाच वर्षांची असताना भाषेत नि बुद्धीच्या चाचण्यांत सरासरीने मागे होती. म्हणून विचारा: पाणी घोट्याला, गुडघ्याला की कमरेला? वीज किती तास नव्हती? घर सोडावं लागलं का? दोन वेळचं जेवण मिळालं का?

महिन्यांचा घोळ हमखास होतो. 'पाचवा लागला' म्हणजे चार पूर्ण झाले की पाच, कळत नाही. शेवटच्या पाळीची तारीख लिहा, तिथपासून पुरापर्यंतचे दिवस मोजून सातने भागा, म्हणजे कितवा आठवडा ते कळेल.

उत्तर २
जन्माचं वजन चांगलं म्हणून नाव खोडू नका. १९४४-४५ च्या हॉलंडमधल्या उपासमारीत पहिल्या तिमाहीत सापडलेल्या बाळांचं वजन बहुधा ठीक होतं, हृदयविकार मात्र पन्नाशीच्या आसपास जास्त दिसले. अर्थात तिथे कारण भूक होतं, त्यामुळे आकडे इथे जसेच्या तसे लावायचे नाहीत.

पुरानंतर लगेचचं: लेप्टोसाठी (पुराच्या घाण पाण्यातून होणारा ताप) वाटलेल्या डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या गरोदर बाईच्या हातावर ठेवायच्या नाहीत, आधी डॉक्टर. पाणी खळखळून उकळलेलंच, कारण शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई (दूषित पाण्यातून होणारी कावीळ) जिवावर बेततो. लोहाच्या नि कॅल्शियमच्या गोळ्या भिजल्या असतील तर त्याच आठवड्यात नव्या द्या; दोन्ही एकत्र घ्यायच्या नाहीत, लोह अंगी लागत नाही.

प्रश्नकर्ता
आणि मूल कधी बघायचं?

उत्तर १
नऊ महिने, दीड वर्ष, दोन वर्षं. दोन वर्षांचं मूल 'आई ये', 'पाणी दे' असं दोन शब्द जोडून बोलतं का, ते बघा. बोलत नसेल तर आधी कान तपासून घ्या, पुराशी लगेच सांगड घालू नका. आणि आईला सांगताना जपून सांगा: हे गटाच्या सरासरीचे निष्कर्ष आहेत, तिच्या बाळाचं भविष्य नाही.