प्रतिसाद: ३०० डीपीआय आणि मोराची मान

वर कुणीतरी म्हटलंय की फाईल ३०० डीपीआयची (इंचाला ३०० ठिपके) दिली की रिझोल्यूशनचा, म्हणजे चित्राच्या बारकाव्याचा, प्रश्न मिटला. कागदावरच्या छपाईपुरतं ठीक आहे. पण आमच्या सोलापुरी चादरीवर नक्षी विणलेली असते, म्हणून हेच रिझोल्यूशन धाग्यांत मोजावं लागतं, आणि तिथे आडवं-उभं माप सारखं असेलच असं नाही. समजा इंचात उभे धागे ४० आणि आडवे ३२ बसतात. मग एका ठिपक्याला एक धागा धरून संगणकावर ८० बाय ८० ठिपक्यांत काढलेला गोल कापडावर २ इंच रुंद आणि अडीच इंच उंच उतरतो. मोर असेल तर मान उगाच ताणली जाते! म्हणून नक्षी काढायला आलेखाचा कागदच त्या प्रमाणात उभट चौकटींचा घ्यायचा.

जुन्या जॅकार्ड मागावर (कार्डांवरच्या भोकांनुसार नक्षी विणणारा माग) ढोबळमानाने एका आडव्या धाग्याला भोकं पाडलेलं एक कार्ड लागतं. बारकावा वाढवायचा तर कार्डांची माळ लांबते आणि खर्चही. नक्षीच्या कडा जवळून पायऱ्यापायऱ्यांच्या दिसतात त्या धाग्यांमुळेच. गिऱ्हाईक त्याला ‘छपाई खराब’ म्हणतं तेव्हा काय बोलावं कळत नाही, मुळात ती छपाई नसतेच.