फिटच्या औषधासोबत ब-६ ची गोळी घ्यावी का?

धागाकर्ती : माझ्या धाकट्या बहिणीला अपस्मार असून ती सहा वर्षांपासून फेनिटॉइन घेत आहे. गेल्या वर्षभरात तिला एकही झटका आलेला नाही. एका नातेवाइकांनी तिला मोठ्या मात्रेची ब-६ जीवनसत्त्वाची गोळी आणून दिली असून, ती सुरू केली की मूळ औषध हळूहळू सोडता येते, असे त्यांचे म्हणणे आहे. पुढच्या वर्षी तिचे लग्न असल्यामुळे औषध सुटले तर तिलाही हवेच आहे. जाणकारांनी कृपया सल्ला द्यावा.

पहिला प्रतिसाद : मी औषधनिर्माता आहे. ही गोळी सुरू करू नये, असे मी स्पष्टच सांगेन, आणि त्याचे कारण तुमच्या बहिणीच्या औषधातच आहे. ब-६ मोठ्या मात्रेत घेतल्यास रक्तातील फेनिटॉइनची पातळी उतरू शकते. म्हणजे झटके टाळण्यासाठी घेतलेली गोळीच त्यांना वाट मोकळी करून देईल. शिवाय ती दीर्घकाळ घेतल्यास हातापायांच्या नसांना इजा होऊन बधिरपणा येतो. मूळ औषध परस्पर थांबवणे तर जिवावर बेतू शकते.

जीवनसत्त्वांचा खरा उपयोग वेगळ्या ठिकाणी आहे. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन आणि फेनोबार्बिटोन या फिटच्या औषधांमुळे यकृतातील विकरे (एन्झाइम) अधिक काम करू लागतात, ड जीवनसत्त्वाचे विघटन लवकर होते आणि वर्षानुवर्षांच्या उपचारांत हाडे कमकुवत होतात. म्हणून या जीवनसत्त्वाची रक्ततपासणी करून घ्यावी. पुढे मूल हवे असेल, तर फॉलिक आम्ल गर्भधारणेपूर्वीच सुरू करावे लागते, कारण बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नलिकेपासून घडतात ती पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. मात्र फॉलिक आम्लानेही फेनिटॉइनची पातळी उतरू शकते, त्यामुळे किती घ्यायचे हे न्यूरॉलॉजिस्टनीच ठरवावे.

दुसरा प्रतिसाद : नातेवाइकांनी बहुधा आमच्यासारख्या एखाद्या कुटुंबाची गोष्ट ऐकली असावी. आमच्या मुलाला जन्मल्याच्या दिवशीच झटके सुरू झाले, ते नेहमीच्या औषधांना दाद देईनात, आणि शिरेतून पायरिडॉक्सिन, म्हणजे हेच ब-६, दिल्यावर थांबले. पुढे तपासणीत एएलडीएच७ए१ या जनुकातील दोष आढळला. या दोषामुळे शरीरात साचणारी द्रव्ये ब-६ ला निकामी करतात, आणि मेंदूतील उत्तेजना आवरणारे गाबा हे रसायन तयार होण्यासाठी ते जीवनसत्त्व आवश्यक असते. हा आजार १९५४ मध्ये प्रथम नोंदला गेला, जनुक २००६ मध्ये सापडले. तो अत्यंत विरळ आहे, आणि फेनिटॉइनने वर्षभर झटके थांबलेल्या व्यक्तीशी त्याचा संबंध जोडता येत नाही.

धागाकर्ती : दोघांचे आभार. विचारल्यावर कळले की तिने ती गोळी दहा दिवस घेतलीही आहे.

पहिला प्रतिसाद : मग पुढच्या भेटीची वाट न पाहता आजच डॉक्टरांना कळवा, गोळ्यांची डबी सोबत न्या आणि फेनिटॉइनची पातळी तपासावी का, हे विचारा. फेनिटॉइनची मात्रा मात्र तोवर स्वतःहून वाढवू अथवा घटवू नका.