वाचनालयात दरमहा पुस्तकं मांडायची आहेत, जानेवारीत कोणता विषय घेऊ?

पुस्तकवाली: सोलापूरच्या साखर पेठेत आमचं छोटं वाचनालय आहे. दर महिन्याला दाराजवळच्या टेबलावर एका विषयाची पंधरा-वीस पुस्तकं मांडायचीत. महिन्याचा खर्च ३०० रुपये, वर एक रुपया नाही. ३ जानेवारीची सावित्रीबाई जयंती घेऊ की १२ चे आपले चार हुतात्मे?

गड्डाकर: १२ जानेवारीच! धनशेट्टी, कुर्बान हुसेन, शिंदे, सारडा. १९३१ ला येरवड्यात फाशी गेले. चार पुतळ्यांसमोरून रोज जाणाऱ्या पोरांना चौघांची नावं येत नाहीत. ॲक्रिलिकचे स्टँड घ्या, आम्ही साडेचार हजारांत घेतले, अजून नवेच्या नवे आहेत.

पुस्तकवाली: दादा, ३०० रुपये.

ताणाबाणा: १२ लाच जिजाऊ आणि विवेकानंद जयंती असते. तिन्ही घ्या.

गड्डाकर: तिन्ही घेतलं की हुतात्मे कोपऱ्यात जातात. दरवर्षी हेच होतं.

निवृत्त_ग्रंथपाल: स्टँड नको. पुस्तकं उभी ठेवा, मुखपृष्ठ समोर. "घरी नेता येतील" अशी ठळक पाटी लावा. आमच्याकडे पहिला महिनाभर कुणी हात लावला नाही, लोकांना वाटलं नुसती बघायला ठेवलीत! एक गेलं की त्या जागी लगेच दुसरं. आणि खिडकीपासून लांब ठेवा. आपल्या उन्हात माझ्या चांगल्या चांगल्या मुखपृष्ठांचा रंग उडाला.

नवीपेठ: मीही तेच म्हणतो, १२ जानेवारी. डिसेंबरात चीनमध्ये रुग्णसेवा करणारे आपले डॉ. कोटणीस.

निवृत्त_ग्रंथपाल: ९ डिसेंबर पुण्यतिथी, बरोबर. पण जयंती १० ऑक्टोबरला आणि १५ ला वाचन प्रेरणा दिन. ऑक्टोबरच घ्या.

ताणाबाणा: ७ ऑगस्टचा हातमाग दिन विसरू नका, १९०५ ची स्वदेशी चळवळ त्याच तारखेची. तेलुगू पुस्तकंही ठेवा, पूर्व भागातले आजोबा येतील.

बिडीवालीची_लेक: सगळं वर्ष जयंत्यांनी भरू नका हो. २४ मार्चला क्षयरोग दिन असतो. १८८२ ला त्याच दिवशी रॉबर्ट कॉख या जर्मन शास्त्रज्ञाने या रोगाचे जंतू सापडल्याचं जाहीर केलं. माझ्या आईनं सहा महिने गोळ्या खाल्ल्या, पण घरात कुणी "टीबी" हा शब्द काढला नाही. मोठ्या अक्षरातलं, सोप्या मराठीतलं एखादं पुस्तक तेव्हा हाताशी हवं होतं.

गड्डाकर: मार्चचं मार्चमध्ये बघू. जानेवारी १२ चीच.

पुस्तकवाली: सगळ्यांचे आभार. जानेवारीत सावित्रीबाईच घेतेय. दुपारी चारला बिड्या देऊन परतणाऱ्या बायका दारातूनच बघून जातात, त्यांना आत आणायचंय. गड्डाकरदादा, रागावू नका, चौघांची नावं मी स्वतः फळ्यावर खडूनं लिहीन, महिनाभर पुसणार नाही. लेक, मार्च तुमचा. पुस्तकं निवडायला याल का?