ईएसपी३२ बॅटरीवर: क्लॉक कमी करून खरंच काही वाचतं का?

गळका_नळ (धागाकर्ता): शेतात ईएसपी३२ने (वायफाय असलेली छोटी चिप) मातीचा ओलावा मोजून दर १० मिनिटांनी वायफायवर आकडा पाठवायचा, जोडीला २५०० एमएएचचा एक १८६५० (दंडगोल लिथियम) सेल. अशा वेळी 'क्लॉक (चिपचा वेग) २४० वरून ८० मेगाहर्ट्झवर आणा' हा सल्ला म्हणजे मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा. डेव्हलपमेंट बोर्डावरचा एएमएस१११७ रेग्युलेटर (व्होल्टेज उतरवून स्थिर ठेवणारा भाग), चिप डीप स्लीपमध्ये (गाढ झोपेत) असली तरी, स्वतःच ५ मिलिअँपिअरच्या आसपास खातो. दिवसाचे झाले १२० एमएएच. जागेपणी ३ सेकंद, सरासरी १०० मिलिअँपिअर, दिवसातून १४४ वेळा: जेमतेम १२. सेल १९ दिवसांत आडवा.

अर्धजागा: हिशोब पटला, निष्कर्ष नाही. रेग्युलेटरची गळती बंद केलीत की उरतात ते १२च, आणि तिथे क्लॉक जाणवतो. राउटरच्या उत्तराची वाट बघताना सीपीयू नुसता फिरत असतो. डेटाशीट २४० ला ३० ते ६८ मिलिअँपिअर सांगते, ८० ला २० ते ३१. वायफाय चालू असताना ८० च्या खाली जाता येत नाही, पण तिथवर फुकट आहे की!

गळका_नळ: टीएलएस (कूटबद्ध जोडणी) असेल तर फुकट कसलं? हँडशेकचं (सुरुवातीला किल्ल्या ठरवण्याचं) गणित जवळपास तिप्पट रेंगाळतं आणि तेवढा वेळ रेडिओ ९५-१०० मिलिअँपिअर ओढत बसतो. त्यापेक्षा स्टॅटिक आयपी (आधीच ठरलेला पत्ता) द्या, चॅनेल आणि बीएसएसआयडी (राउटरची ओळख) आरटीसी मेमरीत (झोपेतही टिकणाऱ्या) ठेवा. स्कॅन आणि डीएचसीपी (राउटरकडे पत्ता मागणं) दोन्ही टळतात.

अर्धजागा: साधं यूडीपी (हँडशेकविना पाठवणं) वापरणाऱ्याला टीएलएसची भीती कशाला? ८० च ठेवा.

सोल्डर_बहाद्दर: तुमचं चालू द्या, पण रेग्युलेटर बदलताना एमसीपी१७०० लावू नका. स्वतःला १.६ मायक्रोअँपिअर लागतात हे खरं, पण देतो २५०च मिलिअँपिअर. वायफायच्या झटक्याला ब्राउनआउट (व्होल्टेज पडल्याचा) रीसेट होतो, मग पुन्हा जोडणी, पुन्हा रीसेट. सेल झपाट्याने रिकामा. एपी२११२ रेग्युलेटरला ५५ मायक्रोअँपिअर लागतात, दिवसाला १.३ एमएएच, पण ६०० मिलिअँपिअर देतो. आणि ओलाव्याचा सेन्सर कायम ३.३ व्होल्टवर ठेवलात तर तोही काही मिलिअँपिअर खातो, तो दोघांच्याही हिशोबात नाही. त्याची वीज मॉस्फेटवरून (इलेक्ट्रॉनिक स्विच) तोडा.

अर्धजागा: मान्य, सेन्सर राहिलाच. मोजायचं कसं? मायक्रोअँपिअर रेंजवर मीटर लावला की बोर्ड सुरूच होत नाही.

सोल्डर_बहाद्दर: मीटरच्या आतल्या शंटवरच (मोजणीच्या रेझिस्टरवर) व्होल्टेज पडतं. दोन्ही प्रोबांमध्ये जंपर (जोडतार) लावून बोर्ड सुरू करा, तो झोपला की जंपर काढून वाचा. पुढच्या जागेपणाआधी परत लावा, नाहीतर व्होल्टेज पडून बोर्ड रीसेट होईल.